एकतिसाव्या बॅचचं कारण

मानकोली, ६ जानेवारी २०२५

प्रिय धनेश,

डब्यात बारा बाटल्या आहेत, प्रत्येकीत मिठाच्या पाण्यात एकेक नमुना. हा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलाय, म्हणजे भिजणार नाही. तुमच्या पुण्याच्या लॅबला नमुने पाठवायचं ठरलं तेव्हा ते दाबून फोडायच्या मशीनवर तू असतोस हे मला माहीत नव्हतं. पहिल्या अहवालाखाली तुझी सही दिसली तेव्हा कळलं. फोन तू सव्वा वर्ष उचललेला नाहीस. डबा मात्र तुला उघडावाच लागतो. म्हणून ही वाट धरली.

जुनं काही उकरायला लिहीत नाही. इकडची खबर द्यावी, एवढंच.

आपलं हाडाचं सिमेंट आता सुईतून जातं. होय, शेवटच्या थेंबापर्यंत. आठवतं ना, दांडा दाबला की पाणी पुढे पळायचं आणि भुकटी मागे दाटून बसायची? आणि जे काही बाहेर यायचं ते रक्तात पडलं की विस्कटायचं. त्यावर सेल्युलोजची पूड घालून पाहायचं तूच सुचवलं होतंस. ती आम्ही आणली, पण पाण्यात टाकली की नुसत्या गुठळ्या. शेवटी एका रविवारी टेमघरला घरी बसून अप्पांना सगळं सांगितलं. म्हटलं, हाड मोडून आत पोकळी राहिली की डॉक्टर तिथे सुईने आमचा लगदा भरतात. तो दहा-पंधरा मिनिटांत आत घट्ट होतो आणि पुढे हळूहळू हाडच त्याची जागा घेतं. पण लगदा सुईतून एकसारखा आला पाहिजे आणि रक्तात विस्कटता कामा नये.

अप्पांनी सायझिंगमध्ये लूमच्या धाग्यासाठी तीस वर्षं खळ शिजवली, हे तुला ठाऊक आहे. म्हणाले, "मंग ही खळच की गं. खळ धाग्याला धरून ठेवते, ही तुज्या भुकटीला धरंल. थंड पाण्यात कालव, मंग तापव."

तसं केलं. पातेलंभर गुठळ्या. संध्याकाळी जाऊन सांगितलं, तर बिडी न विझवता म्हणाले, "मंग उलटं कर. पूड उलट्या डोक्याची असंल."

उलटं केलं. आधी गरम पाण्यात पसरली, मग थंड केली. काचेसारखं झालं! नंतर पाहिलं तर पुड्याबरोबर आलेल्या माहितीपत्रकात तेच छापलेलं. आम्ही पाच जण शिकलेले, आणि ते एकानेही वाचलं नव्हतं.

वजनाला आता निशा असते. कल्याणची मुलगी, तुझ्या जागी आली. इतके दिवस अकराला यायची. काम वाढलं म्हणून या महिन्यापासून सकाळी साडेआठलाही वजन सुरू केलंय. बारापैकी पहिले सहा सकाळचे, बाकीचे दुपारचे. सकाळचे जरा अडखळतायत. हात बसेल तिचा.

पुण्यात थंडी असेल. तब्येतीला जप.

संघरत्ना


मानकोली, ३ फेब्रुवारी

प्रिय धनेश,

अहवाल मिळाला. तुझ्या लॅबच्या कागदावर सगळ्यात खाली 'शेरा' असा रकाना आहे, तो मी आकड्यांच्या आधी पाहिला. 'शेरा: नमुना ३ मध्ये बुडबुडा.' बरोबर आहे, होता. तुझ्या हाताखालून बुडबुडा कधी सुटला नाही.

सकाळचे सहाही नमुने कच्चे निघाले, दुपारचे सहाही पक्के. निशा रडवेली झाली. तिच्या शेजारी उभी राहून मी स्वतः चार दिवस सकाळचं वजन केलं. वजन काट्यावर अचूक, तरी लगदा सुईत अडकतो आणि घट्ट व्हायला दुप्पट वेळ घेतो.

मग गेल्या आठवड्यात सकाळच्या बॅचेस अचानक सुधारल्या. आठ दिवस एकही अडकली नाही. आम्ही काहीही बदललेलं नव्हतं. आजपासून पुन्हा अडकायला लागल्या.

त्या आठ दिवसांत फक्त एक माणूस नव्हतं. मंदाताई, आपल्याकडे साफसफाईला असतात त्या. तू असतानाच लागल्या होत्या, तू जायच्या जेमतेम महिनाभर आधी. त्या गणेशपुरीला भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या. लग्न एका दिवसाचं, पण बाई आठ दिवस राहिल्या, कारण "कुंडाचं गरम पानी गुडघ्याला चांगलं."

योगायोग असेल. लिहू की नको, असं करत लिहिलंच. तुला सांगायला मी का उतावीळ झाले, ते तुझ्या लक्षात आलं असेल.

एकतीस नंबरची बॅचही सकाळचीच होती.

संघरत्ना


मानकोली, १७ फेब्रुवारी

प्रिय धनेश,

आता सरळ लिहिते.

नोव्हेंबर २०२३. हॉस्पिटलचे तीन डॉक्टर समोर बसलेले, तू सिरिंज हातात घेतलीस आणि बॅच एकतीस सुईत अडकली. तू जोर लावलास तसा नुसता पाण्याचा थेंब टेबलावर पडला. डॉक्टर सभ्य होते, चहा पिऊन गेले. दुसऱ्या दिवशी मी त्रुटींच्या वहीत लिहिलं: 'कारण: वजनात चूक, भुकटी जास्त. जबाबदार: धनेश तरे.' खाली माझी सही. त्या पानावर 'संबंधिताचं म्हणणं' असा रकाना आहे. तो मी रिकामा ठेवला. तुला विचारलंच नाही.

तू गेलास. निशा आली, दुपारी वजन करायला लागली आणि बॅचेस सुधारल्या. मला वाटलं, याहून चांगला पुरावा कोणता?

गेल्या बुधवारी मी पावणेआठला येऊन जिन्यात बसले. मंदाताई आल्या. झाडू मारला. मग बादली भरली आणि मगाने खोलीभर पाणी शिंपडायला लागल्या, वजनाच्या टेबलाखालीसुद्धा. फरशी आरशासारखी झाली.

"काय करताय मंदाताई?"

"पानी मारतेय. रोजच मारते. तुमी आज लौकर कशा?"

आपल्याला शिकवायला नको. लूमच्या शेडमध्ये हेच करतात. हवा दमट राहिली की धागा कमी तुटतो. आणि आपली भुकटी? ओलावा दिसला की ओढून घेते, गुठळते, मग तिच्यात घट्ट व्हायची धमक उरत नाही. ती साडेआठला उघड्या ट्रेमध्ये अर्धा तास टेबलावर असायची. ओलावा मोजायचं यंत्र वर भिंतीला, त्याची नोंद दहाची. तोवर एसी लागून सगळं कोरडं झालेलं. शिवाय नोव्हेंबरची हवा, ओलाव्याची शंका कुणाला येणार?

यंत्र खाली काढून टेबलावर ठेवलं. साडेआठला ब्याऐंशी टक्के. दहाला अठ्ठेचाळीस. मग एकाच बरणीतली भुकटी ओल्या फरशीवर आणि कोरड्या फरशीवर तोलून पाहिली, पाच-पाच वेळा. ओलीवरच्या पाचही अडकल्या, कोरडीवरची एकही नाही.

तुझं वजन बरोबर होतं.

वीस वर्षं लूमवर काढलेली बाई, हात सवयीने चालतो, तिला कोण काय बोलणार? मी वहीत दुरुस्तीचं पान लिहायला घेतलंय.

संघरत्ना


मानकोली, ३ मार्च

प्रिय धनेश,

या वेळचा शेरा वाचला. 'पत्र मिळाले.' शिक्क्यासकट. माझ्या दोन आणि तुझ्या वरिष्ठांच्या दोन, अशा चार डोळ्यांनी तो वाचलेला दिसतो, कारण पुढे कुणीतरी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलंय. हसू आलं. बऱ्याच दिवसांनी तुझ्या निमित्ताने हसले.

मागच्या पत्रात एक गोष्ट लपवली. खरं तर ती मी स्वतःपासूनही लपवली होती. मंदाताईंनी बाहेर काढली.

दुरुस्तीचं पान घेऊन मी त्यांच्याकडे गेले. वर लिहिलं होतं: 'कारण: सफाई कर्मचाऱ्याने सवयीने फरशीवर पाणी मारणे.' नियमाप्रमाणे त्यांची सही हवी. त्या जेवत होत्या. हात धुऊन, पुसून त्यांनी कागद घेतला आणि बोट फिरवत फिरवत वाचला. त्यांना इतकं नीट वाचता येतं हे मला माहीत नव्हतं.

"सवयीनं," त्या म्हणाल्या. "कुनाच्या सवयीनं?"

"मंदाताई, तुमच्यावर कारवाई नाही होणार. नुसतं कारण…"

"मॅडम, मी पयल्या दिवशी कोरडाच झाडू मारला व्हता. तुमी दारात हुब्या व्हता. तुमीच बोल्लात, धूळ उडते, जरा पानी मारा, शेडमधी मारतात तसं. तुमी इसरलात. मी न्हाय इसरले, माजी पयली नोकरी व्हती लूम सोडून."

मला आठवलं. शब्दासकट आठवलं. मी टेमघरच्या शेडच्या दारात लहानाची मोठी झाले. आईने पाणी मारल्याशिवाय आमच्या गाळ्यात बटण दाबलं जात नसे. कामाची जागा म्हणजे सकाळी ओली हवी, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं की एम.एस्सी.चं शिक्षण त्याच्या आसपासही फिरकलं नाही.

मंदाताईंनी कागद परत दिला. आवाज चढवला नाही. "आधी त्या तऱ्यांच्या पोराचं नाव घातलंत. आता माजं. तुमच्या वहीत तुमचं नाव कंदी येतं?"

त्यांनी डबा उघडून मला अर्धी भाकर दिली, वर सुकटीची चटणी. म्हणाल्या, "खा आधी. मंग लिवा."

वहीतलं पान फाडता येत नाही, तुला माहीतच आहे. एक आडवी रेघ मारून खोडलं आणि खाली लिहिलं: 'कारण: फरशीवर पाणी मारण्याची तोंडी सूचना. सूचना देणारी: संघरत्ना. धनेश तरे यांच्या वजनात चूक नव्हती. मूळ नोंद चुकीची.'

मग केसरीनाथशेठांकडे गेले. मालक आहेत, मालकाची सही लागते. ते खाली गोदामात ट्रकवाल्याशी हुज्जत घालत होते.

"रत्नाबाय, चोवीस तारखेला दर्जाची तपासणी हाय," ते म्हणाले. "मिटलेली फाईल हाय ती. मिटलेली र्‍हाऊ दे. चोवीस झाली की लिव काय लिवायचं ते."

"शेठ, ती मिटलेली नाही. धनेशने कुठे अर्ज केला की तिथून तुम्हाला फोन येतो आणि तुम्ही ते पान उघडून वाचून दाखवता. म्हणून तो सिमेंट बनवायचं सोडून दुसऱ्यांचं सिमेंट फोडत बसलाय."

शेठांनी ट्रकवाल्याला थांबायची खूण केली. "दोन फोन आल्ते," ते म्हणाले. मग म्हणाले, "तीन."

"बघा."

"म्हंजे मी पन यात?"

"तुम्ही पण."

"लिव मंग. पन माझं नाव बारीक अक्षरात लिव." आणि ट्रकच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. ट्रकवाला म्हणाला, "सेठ, मेरे पेपर पे भी कर दो." त्याच्यावरही केली.

चोवीस तारखेला काय होईल माहीत नाही. ज्या बाईने चुकीचं कारण शोधून सहीनिशी लिहिलं तिच्याच हातात दर्जाची जबाबदारी का ठेवायची, असं विचारू शकतात. विचारायलाच हवं. मला झोप मात्र चांगली लागते.

तुझी,
संघरत्ना


मानकोली, २६ मार्च

प्रिय धनेश,

तपासणी झाली. सोबत दुरुस्तीच्या पानाची प्रत आहे, कंपनीच्या शिक्क्यासह. ती तुझी. पुढे कुठे अर्ज केलास तर जोड. इथे फोन आला तर शेठ आता हेच पान वाचून दाखवतील. निशाने त्यांच्या फोनशेजारी त्याची एक प्रत चिकटवली आहे, मोठ्या अक्षरात.

तपासायला आलेल्या बाई पन्नाशीच्या, चष्मा गळ्यात, बोलणं मोजकं. वही चाळत त्या पानावर थांबल्या. दोनदा वाचलं.

"हे तुम्ही लिहिलं नसतं तर मला कळलं नसतं," त्या म्हणाल्या. "का लिहिलंत?"

उत्तर मी तयार केलं होतं, चांगलं दोन-तीन वाक्यांचं. तोंडातून आलं भलतंच. "मंदाताईंनी विचारलं म्हणून."

"या मंदाताई कोण? गुणवत्ता विभाग?"

शेठ मागून म्हणाले, "हो, तसंच समजा."

निकाल असा: वही, वजन, साठवण, सगळं पास. वजनाच्या खोलीला ओलावा शोषणारं यंत्र बारा महिने चालू ठेवायचं. आणि सहा महिने बॅच बाहेर सोडायच्या कागदावर माझी सही चालणार नाही. निशा करेल. पहिल्या दिवशी तिने माझ्याकडे बघत बघत सही केली आणि अक्षर वाकडं आलं. मी आता दिवसभर टेबलावरच असते. हात पांढरे होतात. खरं सांगू, सहीपेक्षा हे बरं वाटतं. काल लगदा पाण्यात सोडला तर सरळ दोरीसारखा उतरला आणि तसाच राहिला, कुठे विस्कटला नाही. अप्पांना फोटो दाखवला. म्हणाले, "खळ जमली." मे महिन्यात पशुवैद्यक कॉलेजात शेळ्यांवर चाचणी आहे.

मंदाताई आता कोरडं पुसतात. हवा कोरडी पडली म्हणून त्यांच्या नाकातून आवाज येतो आणि त्याचं खापर त्या रोज माझ्यावर फोडतात. ते मी घेते.

एक काम तुझ्याकडे आहे. 'संबंधिताचं म्हणणं' हा रकाना मी तेव्हा रिकामा ठेवला होता. बाईंनी तो भरून घ्यायला सांगितलाय, त्याशिवाय दुरुस्ती पुरी होणार नाही. तुझं निवेदन हवं, तुझ्या हाताचं. तुला वाटेल ते लिही. मला झोडपलंस तरी एक शब्द न बदलता जोडेन. नाही लिहिलंस तर 'दिलं नाही' असं लिहीन आणि कारणही लिहीन, की सोळा महिने उशिरा विचारलं.

संघरत्ना


पुणे, ३ एप्रिल

निवेदन

बॅच क्रमांक ३१ ची भुकटी मी तोलली होती. वजन बरोबर होतं. काटा त्याच सकाळी तपासलेला होता.

फरशी ओली होती. ती त्या दिवशी ओली होती आणि त्याआधी महिनाभर रोज ओली होती. मी ती रोज पाहत होतो. आमच्या काल्हेरच्या गाळ्यात आठ लूम होते. चपला बाहेर काढून ओल्या फरशीवर पाऊल टाकलं की काम सुरू झालं, हे लहानपणापासून माहीत. मानकोलीला वजनाच्या खोलीत शिरताना पायाला तोच गारवा लागायचा आणि मला बरं वाटायचं. आपली भुकटी ओलावा ओढते हे मला पाठ होतं, त्यावर मी परीक्षेत उत्तर लिहिलेलं आहे. तरी ती भुकटी आणि ही फरशी एकाच खोलीत आहेत हे एकदाही सुचलं नाही.

म्हणून कारणाच्या रकान्यात पुढील ओळ वाढवावी: 'ओली फरशी वजन करणाऱ्याने रोज पाहिली होती. ती त्याला योग्य वाटली.'

धनेश तरे

*

रत्नाताई,

वरचं फाईलला लाव. हे खालचं कापून घे.

सोळा महिन्यांत मी तुला मनात जे जे बोललो ते काही मागे घेत नाही. तू विचारायला हवं होतंस. पण फरशीचं पत्र आलं त्या रात्रीपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. तू विचारलं असतंस, तर मी काय सांगितलं असतं? 'वजन बरोबर होतं.' एवढंच. फरशीचं माझ्याही तोंडून निघालं नसतं. आपण दोघं समोरासमोर बसून भांडलो असतो, आणि खाली पाणी.

मंदाताईंना सांग, तऱ्यांच्या पोराने विचारलंय, गुडघा कसा आहे.

काल शेठचा फोन आला. आधी पाच मिनिटं पुण्याच्या पाण्याला नावं ठेवली. मग म्हणाले, "मे महिन्यात शेळ्या हायत, निशा एकटी हाय, आनि तू तिकडं फोडाफोडी करत बसलायस. काय ते ठरव." मी म्हटलं, विचार करून सांगतो. इथे एक महिन्याची नोटीस द्यावी लागते. आज दिली.

दुपारचं वजन निशाकडेच राहू दे. मला सकाळी साडेआठचं दे.

धनेश